गोदा घरात की वेशीबाहेर

मुलींचं वसतिगृह, अमरावती
६ जानेवारी १९६४

ती. मामांना सिंधूचा नमस्कार.

पत्र जाड दिसलं की तुम्ही आधी शेवटचं पान उलटून मी काय मागितलंय ते बघता. म्हणून मागणं आधीच सांगून टाकते. मला सिनेमाला जायची परवानगी हवी आहे. एकदा नाही, पाच-सहा वेळा. आणि सिनेमा एकच.

चष्मा काढून ठेवू नका, पुढे वाचा. आमच्या कॉलेजात यंदा प्रा. कमलाकांत देव यांनी चित्रपट-रसग्रहणाचा वर्ग काढला आहे. कविता जशी ओळीओळीने उलगडतात तसा सिनेमा उलगडायचा: कॅमेरा कुठे उभा आहे, कुठलं चित्र कुठल्या चित्राला जोडलंय, गाणं तिथेच का आलं. सोळा फेब्रुवारीला परीक्षा आहे. पुण्याहून दोन परीक्षक येणार. आधी निबंध द्यायचा, मग त्यावर तोंडी प्रश्न. यंदा 'वेशीपलीकडे' नावाचा मराठी सिनेमा नेमलाय आणि तो इथे सध्या चालू आहे.

वर्गात मुली दोनच, मी आणि माझ्या खोलीतली जमुना. आमच्या रेक्टर पार्बताबाई म्हणतात, पालकांची सही आल्याशिवाय एकही मुलगी टॉकीजची पायरी चढणार नाही. जमुनाच्या वडिलांची सही धारणीहून आलीसुद्धा. धारणीच्या रस्त्यांवरून ती येऊ शकते, तर अकोल्याहून तुमची यायला काय हरकत आहे?

मामा, आई-बाबा गेल्यावर तुम्ही मला घरी आणलंत आणि तेव्हापासून अभ्यासाला कधी नाही म्हटलं नाहीत. हाही अभ्यासच आहे. मला तो मनापासून आवडलाय.

मामीला नमस्कार.

तुमची सिंधू

•

अकोला
१४ जानेवारी १९६४, संक्रांत

चि. सिंधू,

तिळगूळ घे, गोड बोल. पण त्याआधी खरे बोल.

तुझे पत्र मी दोनदा वाचले. एकदा मामा म्हणून आणि एकदा वकील म्हणून. मामाला आनंद झाला. वकिलाला काही शंका आल्या.

सिनेमा पाहणे ही परीक्षा कधीपासून झाली? उद्या खानावळीत जेवण्याचीही परीक्षा निघेल, आणि तीत माझे पक्षकार हिवरखेडचे नत्थुजी विद्यापीठात पहिले येतील. शिवाय एकच सिनेमा पाच-सहा वेळा कशाला? माणूस एकाच ठिकाणी पुन्हापुन्हा जातो तेव्हा तो ते ठिकाण पाहायला जात नसतो, असा माझा कोर्टातला अनुभव आहे. हे देव प्राध्यापक वयाने केवढे? घरी कोण कोण? वर्गात मुली दोन, तर मुलगे किती हे तू लिहिले नाहीस. परतताना बरोबर कोण असते? आणि या परीक्षेत पहिली आलीस तर पुढे काय? हा प्रश्न मुद्दाम शेवटी ठेवला आहे, कारण कोणतीही परीक्षा माणसाला कुठेतरी नेतेच.

सही करून पाठवीत आहे. अट एवढीच की निबंधाची नक्कल मला आली पाहिजे. हाच सिनेमा येत्या शुक्रवारी इथे कापूसबाजारामागच्या टॉकीजमध्ये लागणार असे भिंतीवर वाचले. मी स्वतः पाहीन. मामीलाही नेईन. लग्नानंतर ती माझ्याबरोबर दोनच सिनेमांना आली आहे आणि दोन्हींत देव होते. या सिनेमामागे फक्त आडनावाचे देव आहेत असे दिसते.

तिळाच्या वड्या पाठवल्या आहेत. डबा परत पाठव.

आशीर्वाद.
मोरोपंत

•

अमरावती
२२ जानेवारी १९६४

ती. मामा,

वड्या पोचल्या, त्याच दिवशी संपल्या. डबा मात्र आहे.

तुमची उलटतपासणीही पोचली. देव सर पन्नाशीचे आहेत, टक्कल आहे, तीन मुली आहेत आणि पानाचा डबा जवळ असल्याशिवाय ते बोलू शकत नाहीत. मुलगे नऊ. ते खाली बसतात, आम्ही वर जनान्यात. परतताना पार्बताबाईंची मोलकरीण कौशल्या बरोबर असते. ती मात्र सिनेमा एकदाच पाहते आणि बाकीच्या वेळी झोपते. पहिली आले तर प्रमाणपत्र मिळतं आणि कॉलेजच्या अंकात नाव छापून येतं.

निबंधाची नक्कल जोडते आहे. सगळी वाचायचा कंटाळा आला तर शेवट तरी वाचाच, कारण माझा सगळा मुद्दा तिथेच आहे. तो इथेही उतरवते:

"सात वर्षांपूर्वी दुसरीसाठी टाकून गेलेला नवरा देवमन भिकेला लागून परत येतो. गोदा दार उघडते. त्याच्या पायांवर पाणी घालते. पाणी घालताना तिची नजर त्याच्या पायांवर नाही, उघड्या दारावर आहे. ती त्याला जेवू घालते. तो तृप्त होऊन झोपतो. पहाटे ती घराची किल्ली त्याच्या उशाशी ठेवते आणि वेस ओलांडून निघून जाते. कॅमेरा तिच्या मागे जात नाही. तो वेशीतच उभा राहतो. ती लहान होत होत दिसेनाशी होते आणि नुसता रस्ता उरतो. हा सूड नव्हे. तिने त्याचं घर सांभाळलं होतं, ते त्याचं त्याला देऊन टाकलं."

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, अशी कशी गेली? तिसऱ्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, दार उघडतानाच हिचं ठरलं होतं. मामा, असं काही सापडलं ना, की अंगावर काटा येतो. तुम्हाला जुन्या निकालपत्रात हवी ती ओळ सापडते तेव्हा तुम्ही मांडीवर थाप मारता, तसं.

तुम्ही बघाच. मला तुमचं मत हवं आहे.

सिंधू

•

अकोला
२९ जानेवारी १९६४

सिंधू,

मी सिनेमा पाहिला.

काल तीनच्या खेळाला मी आणि तुझी मामी गेलो. मामी वर जनान्यात, मी खाली. बाजाराचा दिवस होता. खेड्यांतून माणसे आली होती आणि टॉकीज भरले होते. सिनेमा चांगला आहे. बाईने सात वर्षे घर राखले, नवरा पश्चात्ताप पावून परत आला, तिने दार उघडले, त्याचे पाय धुतले. माझ्या शेजारचा म्हातारा फेट्याच्या शेवाने डोळे पुसत होता. त्यानंतर राष्ट्रगीत लागले. सगळे टॉकीज उभे राहिले. मीही उभा राहिलो. मग आम्ही घरी आलो.

आता तू मला सांग, जेवण कुठे आहे? किल्ली कुठे आहे? वेस कुठे आहे? राष्ट्रगीतानंतरही सिनेमा उरतो असे तुझे म्हणणे आहे काय?

माझ्या डोळ्यांवर विसंबू नये म्हणून मी नत्थुजींना विचारले. त्यांनी हा सिनेमा पाहिला आहे. ते म्हणाले, "वकीलसाहेब, बाई त्याले घरात घेते, पाय धुते, अन् खतम. पयाली-बियाली कोनी नाही. तुमाले कोनं सांगतलं?" माझी मान खाली गेली.

दुसरी गोष्ट. अमरावतीचे खुशालराव वकील अपिलाच्या कामाने परवा इथे होते. त्यांच्या सौ.नी तुला टॉकीजमध्ये दोनदा पाहिले. एकदा पडद्यावर सिनेमा चालू असताना तू डोळे मिटून बसली होतीस. एकदा कानांत बोटे घालून बसली होतीस. डोळे मिटून सिनेमा पाहणारी मुलगी तिथे सिनेमा पाहायला जात नाही, एवढे समजायला सनद लागत नाही.

निष्कर्ष सरळ आहे. हा सिनेमा तू पाहिलेला नाहीस. निबंध तुला दुसऱ्या कुणीतरी सांगितला आहे आणि त्या कुणालातरी घर सोडून जाणारी बाई फार आवडते. तो कोण, हे तू आपणहून सांगावेस. त्या नऊ मुलग्यांपैकी आहे की नाही, तेवढेच सांगितलेस तरी चालेल.

माझी सही मी मागे घेत आहे. तसे पार्बताबाईंना आजच कळवले आहे.

मोरोपंत

•

अमरावती
१ फेब्रुवारी १९६४

ती. मामा,

नमस्कार करते, कारण मामीने तशी सवय लावली आहे. एरवी आज हात जोडायची इच्छा नव्हती.

पार्बताबाईंनी मला सगळ्या मुलींसमोर बोलावून सांगितलं की तुझ्या मामांचा तुझ्यावर विश्वास नाही. याच शब्दांत. जमुनाने माझा हात धरला नसता तर मी तिथेच रडले असते. खोलीत आल्यावर ती म्हणाली, "तुये मामा वकील हाये का फौजदार?"

डोळे मिटून बसले होते, खरं आहे. कानांत बोटंही घातली होती. देव सरांनीच तसं करायला सांगितलं होतं. एक खेळ चित्राशिवाय नुसता ऐकायचा आणि एक खेळ आवाजाशिवाय नुसता बघायचा, म्हणजे कोण काय काम करतं ते कळतं. खाली नऊच्या नऊ मुलगे कानांत बोटं घालून बसले होते. खुशालरावांच्या सौ.ना ते दिसले नाहीत, मी बरी दिसले.

आणि आता मी तुम्हाला विचारते. तुम्ही सिनेमा खरंच शेवटपर्यंत पाहिलात का? की गर्दीचा कंटाळा येऊन आधीच उठलात? की शेवट पाहिलात, तो आवडला नाही, म्हणून तो नाहीच असं म्हणताय? नत्थुजींची साक्ष मला सांगू नका. तुमच्या पक्षकाराने तुमच्याविरुद्ध साक्ष दिल्याचं मी आजवर ऐकलेलं नाही. सिनेमाचं नाव 'वेशीपलीकडे' आहे, 'उंबऱ्याच्या आत' नाही, एवढं तरी बघा! गोदा किल्ली ठेवते. गोदा जाते. मी ते चार वेळा पाहिलंय, जमुनाने पाहिलंय, आणि कौशल्यानेही पाहिलंय, तिच्या त्या एका जाग्या खेळात.

मी काही मागितलं आणि तुम्ही नाही म्हणालात, असं आजवर पुष्कळदा झालं. पण तुम्ही मला खोटारडी कधी म्हणाला नव्हतात.

परीक्षा सोळाला आहे. सही परत द्या.

सिंधू

•

अकोला
५ फेब्रुवारी १९६४

सिंधू,

वेशीपलीकडे नवरा गेला होता. सिनेमाला नाव त्यावरून दिले आहे. हे सांगायला प्राध्यापक लागत नाही.

मी मध्येच उठलो का, असे तू विचारतेस. मी शेवटपर्यंत होतो आणि राष्ट्रगीताला ताठ उभा होतो. माझ्या सत्यनिष्ठेवर आजपर्यंत विरुद्ध पक्षाच्या वकिलांनीच संशय घेतला होता. घरातून हे प्रथमच घडते आहे.

असो. मी तुला पूर्वी एक प्रश्न शेवटी विचारला होता, तुला आठवत असेल. पहिली आलीस तर पुढे काय? तू लिहिलेस, प्रमाणपत्र आणि अंकात नाव. काल खुशालरावांचे पत्र आले. मी त्यांना चौकशी करायला सांगितले होते, हे लपवीत नाही. ते लिहितात की पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्याला वर्षभर पुण्याला सिनेमाचे शिक्षण घ्यायला पाठवणार आहेत, आणि हे त्या वर्गातल्या प्रत्येकाला पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

म्हणजे पुणे तू माझ्यापासून लपवलेस. एका जागी खोटे सापडले की बाकीचा जबाब तपासायचीही गरज उरत नाही, असा आमचा रिवाज आहे. पुण्यात तुझे कोण आहे? वर्षभर कुणाकडे राहणार होतीस? तिथून पुढे मुंबई, की आणखी कुठे? आणि आम्हाला हे कधी कळणार होते, तू गाडीत बसल्यावर?

शनिवारी पंधरा तारखेला सकाळच्या एस.टी.ने मी येतो. सामान बांधून ठेव. बी.ए.चे पुढचे वर्ष अकोल्यात होईल.

मोरोपंत

•

अमरावती
८ फेब्रुवारी १९६४

ती. मामा,

पुण्याचं लपवलं. खरं आहे. तुम्ही विचारलं होतं, मला उत्तर माहीत होतं, आणि मी अर्धंच लिहिलं. त्याबद्दल तुम्ही जे बोलाल ते मुकाट्याने ऐकीन.

का लपवलं तेही सांगते. तुम्ही 'पुणे' हा शब्द वाचला असतात तर सिनेमाही पाहिला नसतात आणि निबंधही वाचला नसतात. मी आधी चांगलं लिहून दाखवणार होते, पहिली येणार होते आणि मग तुमच्यासमोर उभी राहून विचारणार होते. पुण्यात माझं कोणी नाही, मामा. मुलगा नाही, मैत्रीण नाही, ओळखीचं कुत्रंसुद्धा नाही. मला सिनेमा जोडायला शिकायचंय. एक तुकडा दुसऱ्याला जोडला की त्यातून तिसरंच काही दिसायला लागतं, ते हाताने करायचंय. आजवर कशासाठी इतका जीव टाकावासा वाटला नव्हता.

पण पुण्याचं खोटं म्हणून किल्लीही खोटी, हे मला मान्य नाही. दोन्ही वेगवेगळे जबाब आहेत.

मी खूप विचार केला. तुम्ही खोटं बोलणार नाही. मीही बोलत नाही. मग आपण दोघांनी एकच सिनेमा पाहिला आहे का? तुम्ही मला पाहिलंत, नत्थुजींना विचारलंत, खुशालरावांना कामाला लावलंत. जो माणूस रोज तो सिनेमा दाखवतो त्याला तुम्ही काही विचारलं का? साक्षीदार एकाच बाजूचे तपासणारा वकील हरतो, असं तुम्ही जेवताना कितीदा तरी म्हणता.

एवढं विचारा. मग पंधराला या. काय ते होऊ दे.

सिंधू

•

अकोला
१२ फेब्रुवारी १९६४

चि. सिंधू हिला मामीचे आशीर्वाद.

मला पत्र लिहायची सवय नाही. दर वेळी ह्यांच्या पत्राखाली दोन ओळी लिहिते, त्यातही एक ओळ डब्याची असते. आज सगळा कागद माझा आहे.

तुझं पत्र परवा आलं. ह्यांनी वाचलं, घडी घातली, कोर्टाचा कोट चढवला. मला वाटलं कोर्टात निघाले. दारात थांबून म्हणाले, "चल, तू जनान्यात होतीस, तूही साक्षीदार आहेस." मी पातळ बदललं आणि गेले.

टॉकीजचे मालक शेषराव म्हणून आहेत. ह्यांनी त्यांना भरकोर्टात उभं करावं तसं उभं केलं. बिचारे घाबरले, मग हसायलाच लागले. म्हणाले, "हाये ना वकीलसाहेब, शेवटचं रीळ हाये. डब्यात ठेवलं हाये." पहिल्या दिवशी त्यांनी सिनेमा सगळा दाखवला होता. बाई वेशीबाहेर पडली तशी खालची माणसं उठून ओरडायला लागली, की आमच्या बायका वर बसल्या आहेत, त्यांना हे काय शिकवता? दुसऱ्या दिवसापासून शेषरावांनी पाय धुतले की राष्ट्रगीत लावायचं ठरवलं. एकदा राष्ट्रगीत लागलं की कोण विचारतं? "बाई घरात गेली, आता तिले रस्त्यावर कायले आनाचं? पब्लिक खुशीत घरी जाते," असं म्हणाले. इथे हे असंच चालतं म्हणे. कुणी फार रडवतं, कुणी कुणाला मारतं, ते रीळ डब्यात.

ह्यांनी रीळ लावायला सांगितलं. काल सकाळी रिकाम्या टॉकीजमध्ये आम्ही दोघंच. मी सवयीने जिन्याकडे निघाले होते. हे म्हणाले, "वर कशाला? इथे बस." लग्नाला बावीस वर्षं झाली, पण टॉकीजमध्ये ह्यांच्या शेजारच्या खुर्चीवर मी काल पहिल्यांदा बसले.

सगळं तू लिहिलंस तसंच आहे. जेवण, किल्ली, वेस, रस्ता. मला एक सांगायचंय. पहिल्या दिवशी वरून बघतानाच मला शंका आली होती. पाणी घालताना ती दाराकडे बघत होती. नवऱ्याला ठेवून घेणारी बाई दाराकडे कशाला बघेल? पण मला कुणी विचारलं नाही आणि मीही बोलले नाही. तू तेच लिहिलंयस हे मला ठाऊक नव्हतं. तुझा निबंध ह्यांच्या टेबलावर होता, तो मी काल वाचला.

तिने किल्ली उशाशी ठेवली तेव्हा मला रडू येईल असं वाटलं होतं. हसू आलं बाई. का ते विचारू नकोस.

रीळ संपलं. राष्ट्रगीत काही लागलं नाही, दोन माणसांसाठी कोण लावतो? हे बसूनच राहिले. उठायचं कधी ते ह्यांना कळेना. मग घरी आलो, जेवले नाहीत. दुपारी माजघरात येऊन म्हणाले, "पोरगी खरं बोलत होती." मी म्हटलं, मग झालं तर. तर म्हणाले, "खोटं असतं तर बरं झालं असतं."

तुला वाईट वाटेल, पण तू हे वाचावंस. मला बाजारातून यायला उशीर झाला की हे दारात उभे असतात. कुठे होतीस, कोण भेटलं, एवढा वेळ का. आधी मला फार राग यायचा. माझ्यावर भरवसा नाही असं वाटायचं. तुझी आई गेल्यापासून तर ते जास्तच झालं. बहीण दोन दिवसांच्या तापात गेली, ह्यांना निरोपही वेळेवर पोचला नाही. तेव्हापासून माणूस नजरेआड झालं की ते परत येणार नाही असं ह्यांना वाटतं. ह्यांना ते तसं सांगता येत नाही, म्हणून वकिली करतात.

आता कामाचं. पार्बताबाईंना पालकांची सही हवी ना? तुला गोवर आला तेव्हा उशाशी कोण होतं? शाळेत जाताना तुझ्या वेण्या कुणी घातल्या? मग मीही पालकच. सही करून आज सकाळी टाकली. माणिकबाई, असं नीट पूर्ण नाव लिहिलं. टाकून आल्यावर ह्यांना सांगितलं. ऐकल्यापासून अंगणात फेऱ्या घालताहेत. बोलतील.

परीक्षा नीट दे. घाबरू नकोस.

मामी

•

अकोला
१३ फेब्रुवारी १९६४

चि. सिंधू,

शनिवारी येत नाही. सामान सोडून ठेव.

माझ्या घरात दोन पालक आहेत हे मला काल दुपारी समजले. इतकी वर्षे हे माझ्या ध्यानात कसे आले नाही याचा विचार करतो आहे. दुसऱ्या पालकाने सही केली आहे आणि ती कायदेशीर आहे. मी ती रद्द करू शकत नाही आणि करणारही नाही.

सिनेमाच्या शेवटाबाबत तुझे म्हणणे खरे ठरले. मी तुला खोटे ठरवले, ते चुकले. पुणे लपवलेस ते तुझे चुकले. दोन्हींची नोंद घेऊन हे प्रकरण मी बंद करतो.

पण एक प्रश्न उरला आहे आणि तो मी विचारणार. त्या रिळात ती बाई वेशीबाहेर जाते आणि मग नुसता रस्ता दिसतो. तो किती वेळ दिसतो! आता काहीतरी येईल, आता कोणीतरी वळेल, असे वाटत मी बसून होतो. सिंधू, माझा संशय आता त्या प्राध्यापकावर नाही, नऊ मुलग्यांवर नाही, निबंध कोणी सांगितला यावरही नाही. पुण्याला गेलीस तर तू परत येणार नाहीस असा मला संशय आहे. तुझी हमी काय?

खरे उत्तर दे. माझे समाधान व्हावे म्हणून लिहू नकोस. ते मला ओळखता येते.

मोरोपंत

•

अमरावती
१८ फेब्रुवारी १९६४

ती. मामा आणि मामी,

पहिली आले. हे आधी लिहिते, म्हणजे पान उलटायला नको.

तोंडी परीक्षेत दोघांपैकी थोरल्यांनी निबंध चाळला आणि विचारलं, "गोदा कुठे गेली असेल?" याचं उत्तर मी पाठ केलं होतं. ती कुठे जाते याला महत्त्व नाही, ती जाते याला आहे, वगैरे. तोंड उघडलं आणि ते बाहेरच पडेना. मी म्हटलं, "सर, अकोल्याला ती जातच नाही." आणि मग सगळं सांगितलं. डब्यातलं रीळ, राष्ट्रगीत, शेषराव. आमचे मामा ताठ उभे होते तेही सांगितलं. रागावू नका. ते दोघं खूप हसले. मग हसायचे थांबले. थोरले म्हणाले, "मग खरा शेवट कोणता समजायचा?" मी म्हटलं, जो लपवावा लागला तो. आणि माझ्या मामीने तो जनान्यात बसून, न पाहताच ओळखला होता, हेही सांगितलं. देव सर बाहेर पान खात उभे होते, त्यांना आत बोलावून घेऊन हे ऐकवलं.

मामी, तुझी सही पार्बताबाईंनी उजेडात धरून पाहिली. मग म्हणाल्या, "ही बाई पत्र लिहीत नाही वाटतं कधी?" मी म्हटलं, आता लिहील.

मामा, तुमच्या प्रश्नाला मी दोन दिवस घेतले. जुलैत जायचंय, वर्षभर शिकायचंय. सुट्टीत येईन, पत्रं लिहीन, हे तर आहेच. पण तुम्ही ते विचारलेलं नाही. वर्षानंतर मी अकोल्याला राहायला परत येईन का, ते तुम्ही विचारलंय. 'येईन, शपथ' असं लिहायला किती सोपं होतं! तुम्ही ते वाचून एकदा तरी नीट जेवला असतात. पण मला माहीत नाही. सिनेमा जोडायचं काम अकोल्यात नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. तुमच्याशिवाय आणि मामीशिवाय मला करमेल असं वाटत नाही, आणि तिकडेच राहून जाईन अशी भीतीही वाटते. दोन्ही खरं आहे. तुम्ही दारात उभे राहाल हे मला ठाऊक आहे, आणि ते आठवून काल मी खूप रडले. तरी जायचंय.

तेव्हा हमी देत नाही. एकदा अर्धं उत्तर दिलं होतं, त्याचं काय झालं ते पाहिलं.

बडनेऱ्याहून निघालेली गाडी अकोल्यावरूनच पुढे जाते आणि तिथे थोडा वेळ थांबते. मी खिडकीशी बसेन. तुम्ही स्टेशनवर याल का?

सिंधू